जुन्या खिडक्यांना निर्वात काच: सहा-सात मिलिमीटरमध्ये थंडी कशी अडते?

ब्रिटनमध्ये २०२१-२२ नंतर गॅस आणि विजेची बिले झपाट्याने वाढली आणि जुन्या घरांच्या खिडक्यांविषयीचा जुनाच वाद नव्याने सुरू झाला. इंग्लंडमधल्या दर पाच घरांपैकी साधारण एक घर १९१९ पूर्वी बांधलेले आहे. त्यांतल्या अनेक घरांच्या लाकडी खिडक्यांना आजही एकेरी काच आहे आणि हिवाळ्यात त्या खिडकीशेजारी बसवत नाही. राहणाऱ्यांना ऊब हवी आहे आणि वारसा जपणाऱ्यांना खिडकी हवी आहे. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेने जुलै २०२४ मध्ये जुन्या इमारतींमध्ये ऊर्जेची बचत कशी करावी याविषयी सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही खिडक्यांचा विचार ठळकपणे आहे. या चर्चेत ‘व्हॅक्यूम ग्लेझिंग’ हे नाव सतत कानावर येते. लंडन, बाथ किंवा एडिनबरामध्ये जुने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही कधी तरी हा प्रश्न पडतोच, कारण तिथे खिडकी बदलणे हा फक्त सुताराला बोलावण्याचा विषय नसतो. अनेकदा त्यासाठी परवानगी लागते.

व्हॅक्यूम ग्लेझिंगला या लेखात आपण ‘निर्वात काच’ म्हणू. तिची जाहिरात ‘सर्वांत उबदार काच’ अशी केली जाते. मला मात्र तिचा मोठेपणा वेगळ्या गोष्टीत दिसतो. ती इतकी पातळ आहे की जुनी लाकडी खिडकी न मोडता त्याच चौकटीत बसू शकते. उबदार काच इतरही प्रकारची मिळते, पण जुन्या खोबणीत मावणारी उबदार काच फारच दुर्मीळ आहे.

एकेरी काचेतून उष्णता जाते कशी

खिडकीतून किती उष्णता निसटते हे मोजण्यासाठी एक आकडा वापरतात, त्याला यू-मूल्य म्हणतात. आत आणि बाहेर एका अंश सेल्सिअसचा फरक असताना एक चौरस मीटर काचेतून किती वॉट उष्णता जाते, एवढेच तो सांगतो. आकडा जितका लहान, तितकी काच चांगली. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य ५.७ च्या आसपास असते. बाहेर शून्य आणि घरात २० अंश असतील, तर अशा एका चौरस मीटर काचेतून सुमारे ११४ वॉट उष्णता सतत बाहेर जाते. दिवाणखान्याला पाच-सहा चौरस मीटर काच असणे जुन्या घरांत नवलाचे नाही. म्हणजे लहानसा हीटर जेवढी उष्णता देतो, जवळजवळ तेवढी फक्त काचेवाटे निघून जाते.

दुहेरी काचेत दोन तावदानांमध्ये हवेची पोकळी ठेवतात. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने ती गळती रोखते, पण तिलाही मर्यादा आहे. पोकळी फार अरुंद ठेवली तर हवेतूनच उष्णता वाहून जाते, आणि फार रुंद ठेवली तर आतली हवा फिरू लागते व उष्णता सोबत नेते. म्हणून सामान्य दुहेरी काचेत सुमारे १६ मिलिमीटर पोकळी ठेवण्याचा प्रघात आहे. दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटरच्या काचा धरल्या की एकूण जाडी २४ मिलिमीटर होते. पोकळीत आर्गॉन वायू भरला आणि काचेवर उष्णता परतवणारा लेप दिला, तर यू-मूल्य १.१ ते १.२ पर्यंत खाली येते. नव्या घरासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. जुन्या घरात अडचण त्या २४ मिलिमीटरची होते.

थर्मासची युक्ती, सपाट काचेत

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अतिथंड द्रव साठवण्यासाठी दुहेरी भिंतीचे काचेचे भांडे तयार केले आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. तेच भांडे पुढे थर्मास म्हणून घराघरांत पोहोचले. त्यात चहा गरम राहतो, कारण उष्णता वाहून न्यायला मधे हवाच नसते, आणि किरणांच्या रूपाने निसटू पाहणारी उष्णता काचेवरचा चंदेरी मुलामा परत फिरवतो. निर्वात काच म्हणजे हीच युक्ती सपाट केलेली. दोन तावदाने, त्यांच्यामध्ये साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरची फट, आणि त्या फटीतून जवळजवळ सगळी हवा काढून घेतलेली.

फट इतकी अरुंद असूनही चालते, याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या दाबाला हवेचे रेणू एकमेकांवर सतत आदळत असतात, आणि या आदळण्यातून उष्णता पुढे सरकते. निर्वात काचेतला दाब वातावरणाच्या दाबाचा सुमारे दहा लाखावा भाग, किंवा त्याहूनही कमी असतो. एवढ्या विरळ अवस्थेत एखादा रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी काही सेंटिमीटर जाऊ शकेल, पण त्याच्यापुढे मोकळी वाट आहे ती फक्त एक-दोन दशांश मिलिमीटरची. त्यामुळे उरल्यासुरल्या हवेतून किती उष्णता जाईल हे फटीच्या रुंदीवर ठरत नाही, फक्त दाबावर ठरते. दुहेरी काचेला जे काम करायला १६ मिलिमीटर लागतात, ते निर्वात काचेला केसाच्या दोन-तीन पदरांएवढ्या अंतरात जमते, ते याच कारणाने.

निर्वात किरणांना मात्र अडवत नाही. सूर्याची उष्णता निर्वातातूनच आपल्यापर्यंत येते. म्हणून आतल्या काचेवर चांदीचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लेप देतात. प्रकाश तो आत येऊ देतो, पण खोलीतली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर जाऊ देत नाही. हा लेप नसेल तर संपूर्ण निर्वात असूनही यू-मूल्य दोनच्या वरच राहते. विक्रेता फक्त ‘व्हॅक्यूम’ म्हणत असेल, तर लेपाविषयी विचारणे आवश्यक आहे.

या दोन्ही गोष्टी जमून आल्या की बाजारात मिळणाऱ्या चांगल्या निर्वात काचांचे मधल्या भागाचे यू-मूल्य ०.५ ते १.१ च्या दरम्यान येते. ०.७ धरले, तर वरच्या उदाहरणातल्या ११४ वॉटच्या जागी सुमारे १४ वॉट जातील. तिहेरी काचेच्या तोडीची ही कामगिरी सहा ते आठ मिलिमीटर जाडीत मिळते.

दहा टन दाब आणि अर्ध्या मिलिमीटरचे टेकू

कल्पना इतकी सरळ असताना ती प्रत्यक्षात यायला एवढा काळ का लागला? जर्मनीत झोलर यांनी निर्वात काचेच्या पेटंटसाठी १९१३ मध्येच अर्ज केला होता. पण चालणारे पहिले तावदान तयार झाले ते १९८९ मध्ये, सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेत. पुढे जपानच्या निप्पॉन शीट ग्लास या कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘स्पॅशिया’ या नावाने ती बाजारात आणली. ब्रिटनमधली पिल्किंग्टन ही प्रसिद्ध काच कंपनी २००६ मध्ये याच जपानी कंपनीकडे गेली, आणि तिथल्या जुन्या घरांपर्यंत ही काच पोहोचण्याचा एक मार्ग त्यामुळे खुला झाला. आज बेल्जियममधली ‘फिनिओ’ आणि चीनमधली ‘लँडव्हॅक’ ही नावेही ब्रिटनच्या बाजारात ऐकू येतात.

मधला काळ दोन अडचणी सोडवण्यात गेला. पहिली हवेच्या दाबाची. एका चौरस मीटरवर वातावरण सुमारे दहा टनांचा भार टाकत असते. एरवी तो आपल्याला जाणवत नाही, कारण दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. आतली हवा काढली की दोन्ही काचा एकमेकींवर दाबल्या जातात. थर्मासचे भांडे गोल असल्याने तो दाब सहन करते, सपाट काच मात्र वाकते. म्हणून दोन काचांमध्ये धातूचे किंवा चिनीमातीसारख्या पदार्थाचे अगदी बारीक टेकू ठेवतात. एका प्रचलित रचनेत ते साधारण अर्धा मिलिमीटर व्यासाचे आणि एकमेकांपासून २० मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये २,५०० टेकू, आणि प्रत्येकावर सुमारे चार किलो भार. टफन्ड काच, म्हणजे तापवून झटकन थंड केल्याने कणखर झालेली काच, अधिक ताण सोसत असल्याने तिच्यात टेकू जास्त अंतरावर ठेवता येतात.

दुसरी अडचण कडांची. दुहेरी काचेच्या कडा रबरासारख्या पदार्थांनी बंद केल्या तरी चालतात, पण निर्वात वर्षानुवर्षे टिकवायचे तर असा सांधा पुरत नाही, कारण त्यातून हवेचे रेणू हळूहळू झिरपतात. त्यासाठी कमी तापमानाला वितळणारी खास काच किंवा धातू कडेला ओतून सांधा करावा लागतो. सुरुवातीच्या पद्धतीत हे काम सुमारे ४५० अंशांना होत असे. त्या उष्णतेत टफन्ड काचेचा कणखरपणा आणि काही लेपही टिकत नसत. कमी तापमानाचे सांधे आल्यावर हा प्रश्न बराच सुटला. शिवाय काचेच्या पृष्ठभागातून काळाच्या ओघात जे थोडे वायू बाहेर पडतात, ते शोषून घेणारा एक लहानसा पदार्थ आतच ठेवलेला असतो.

जुन्या खिडकीत पातळपणाचे मोल

ब्रिटनमधली जुनी खिडकी म्हणजे बहुधा वर-खाली सरकणारी सॅश खिडकी. तिच्या दोन चौकटी असतात. दोन्ही बाजूंच्या पोकळ लाकडी खोक्यांत दोरीला वजने टांगलेली असतात आणि चौकट त्यांच्या तोलावर कुठेही थांबते. अठराव्या शतकाच्या अखेरीस काचा धरून ठेवणाऱ्या आतल्या लाकडी पट्ट्या फार नाजूक होत गेल्या, आणि त्या काळच्या दर्शनी भागांचे सौंदर्य बरेचसे या बारीक रेषांत आहे. काच पट्टीच्या खोबणीत बसवून वरून जवसाच्या तेलाची पुट्टी लावतात.

या खोबणीत तीन मिलिमीटरची काच आणि थोडी पुट्टी एवढीच जागा असते. २४ मिलिमीटरची दुहेरी काच तिथे मावत नाही. ती बसवायची तर पट्ट्या जाड कराव्या लागतात, म्हणजेच संपूर्ण खिडकी नवी करावी लागते. ब्रिटनमध्ये हजारो घरांत हेच झाले. शंभर-दीडशे वर्षे टिकलेले दाट तंतूंचे लाकूड काढून तिथे प्लॅस्टिकच्या खिडक्या आल्या. त्या बिघडल्या की बहुतेकदा दुरुस्त करता येत नाहीत, पूर्ण बदलाव्या लागतात. लाकडी खिडकीचा कुजलेला खालचा भाग मात्र कोणताही चांगला सुतार कापून नवा जोडू शकतो. मला हा तोटा फार मोठा वाटतो, आणि त्याची भरपाई कोणत्याही बिलातल्या बचतीने होत नाही.

वजनाचाही विचार करायला हवा. काचेचे वजन चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे अडीच किलो असते. जुनी तीन मिलिमीटरची काच साडेसात किलो, तीन-तीन मिलिमीटरच्या दोन तावदानांची निर्वात काच पंधरा किलो, आणि चार-चारची दुहेरी काच वीस किलो. म्हणजे निर्वात काच बसवतानाही खोक्यातली वजने वाढवावी लागतात, पण खोक्यात जागा मर्यादित असल्याने लोखंडाऐवजी अधिक जड शिसे वापरून तेवढ्याच जागेत तोल साधता येतो. जाणता कारागीर हे आधीच तपासतो.

रस्त्यावरून पाहणाऱ्याला दिसणाऱ्या रूपातही फरक पडतो. दुहेरी काचेत दोन तावदाने दूर असल्याने आकाशाचे आणि झाडांचे प्रतिबिंब दुहेरी दिसते आणि कडेला धातूची पट्टी चमकते. निर्वात काचेत दोन्ही तावदाने जवळजवळ चिकटलेली असल्याने प्रतिबिंब एकच असल्यासारखे भासते. जवळून, उजेडाच्या दिशेने पाहिले तर टेकूंचे बारीक ठिपके दिसतात. काही उत्पादनांत हवा काढण्याच्या छिद्रावरची लहान टोपीही कोपऱ्यात दिसते. दोन-चार पावले मागे गेल्यावर ठिपक्यांकडे सहसा लक्ष जात नाही, पण ज्यांना ते खटकण्याची शक्यता आहे त्यांनी नमुना आधी स्वतः पाहावा.

काचेला सुटणारे पाणी

हिवाळ्यात सकाळी एकेरी काचेवरून पाण्याचे ओघळ खाली येतात आणि खालच्या लाकडात मुरतात. जुन्या खिडक्या बहुधा खालूनच कुजतात, त्याचे हे एक कारण आहे. घरात २० अंश आणि हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल, तर सुमारे ९ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमते. बाहेर शून्य अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साधारण ५ अंशांवर असतो. त्याच परिस्थितीत ०.७ यू-मूल्याच्या निर्वात काचेचा पृष्ठभाग १८ अंशांच्या आसपास राहतो, त्यामुळे काचेच्या मधल्या भागावर पाणी धरत नाही.

याचा आणखी एक परिणाम अंगाला जाणवतो. थंड काचेसमोर बसले की खोलीत २० अंश असूनही शरीराची उष्णता काचेकडे खेचली जाते, आणि काचेलगत थंड झालेली हवा खाली उतरून पायांपाशी फिरते. मग आपण हीटर वाढवतो. काच १८ अंशांवर असेल तर तीच खोली २० अंशांनाही पुरेशी उबदार वाटते.

‘मग सगळ्या जुन्या काचा काढून टाकाव्यात का?’

माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. पिल्किंग्टनने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून, ती अगदी सपाट बनू लागली. त्यापूर्वीची, आणि विशेषतः तोंडाने फुंकून केलेली काच किंचित लहरी असते. तिच्यात बारीक बुडबुडे असतात आणि प्रत्येक तावदान आकाशाचे प्रतिबिंब थोडे वेगळे दाखवते. ही काच आता पूर्वीच्या प्रमाणात कोणी बनवत नाही. एकदा फोडली की गेली. निर्वात काच तिची जागा रूपाने भरून काढू शकत नाही.

जुन्या काचा शाबूत असतील तिथे दुसरे उपाय आहेत, आणि ते कमी दर्जाचे नाहीत. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या तिथल्या वारसा-संस्थेसाठी पारंपरिक सॅश खिडकीवर चाचण्या केल्या. त्यांत जाड पडद्यांनी काचेतली उष्णतेची गळती १४ टक्क्यांनी, बंद केलेल्या लाकडी झडपांनी ५१ टक्क्यांनी आणि आतल्या बाजूने बसवलेल्या दुसऱ्या खिडकीने ६३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. अनेक जुन्या घरांत या झडपा भिंतीच्या कडेला दुमडून ठेवलेल्या असतात आणि रंगाच्या थरांखाली चिकटून गेलेल्या असतात. त्या सोडवून पुन्हा वापरात आणणे हे सगळ्यांत आधीचे आणि स्वस्त काम आहे. आतली दुसरी खिडकी शंभर मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावर बसवली, तर रस्त्याचा आवाज अडवण्यात ती पातळ निर्वात काचेपेक्षा सहसा सरस ठरते.

म्हणून माझ्या मते निर्वात काचेची योग्य जागा म्हणजे जुनी चौकट टिकून असलेली, पण काच विसाव्या शतकात कधी तरी बदलून गेलेली खिडकी. अशा खिडक्या भरपूर आहेत. तिथे साध्या फ्लोट काचेच्या जागी निर्वात काच आली तर गमावण्यासारखे काही नसते आणि चौकट वाचते.

छोट्या तावदानांची अडचण

निर्वात काचेचा जो आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो तो तावदानाच्या मधल्या भागाचा असतो. कडेला दोन्ही काचा सांध्याने एकजीव झालेल्या असतात आणि तिथून उष्णता काचेतूनच बाहेर सरकते. हा परिणाम कडेपासून काही सेंटिमीटर आतपर्यंत पोहोचतो. मोठ्या तावदानात त्याचा वाटा कमी असतो, लहान तावदानात तो बराच वाढतो.

इथे ब्रिटनच्या करांचा इतिहास कामाला येतो. काचेवरचा उत्पादन कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १६९६ पासूनचा कर १८५१ मध्ये रद्द झाला. त्याआधीच्या जॉर्जियन, म्हणजे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, घरांत एकेका चौकटीत सहा किंवा त्याहून अधिक छोटी तावदाने दिसतात. त्यानंतरच्या, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या व्हिक्टोरियन घरांत एका चौकटीत दोन किंवा एकच मोठे तावदान येऊ लागले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिलेले लंडनमधले किंग हेन्रीज रोडवरचे चार मजली घर अशाच व्हिक्टोरियन वस्तीतले आहे.

माझ्या मते निर्वात काचेला व्हिक्टोरियन घरे अधिक मानवतात. मोठे तावदान म्हणजे कडांचा वाटा कमी, नगही कमी आणि खर्चही कमी. जॉर्जियन खिडकीत बारा तावदाने म्हणजे बारा वेगवेगळे निर्वात नग, प्रत्येकाला चारही बाजूंनी कडा, आणि पट्टीवरची टेकण्याची जागा इतकी अरुंद की सांध्याची पट्टी काठाबाहेर डोकावण्याची शक्यता. अशा खिडकीला आतून दुसरी खिडकी बसवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. शिवाय अशा घरांतच खरी जुनी काच उरलेली असण्याचा संभव अधिक.

‘निर्वात टिकेल का?’

ही शंका योग्य आहे. दुहेरी काचेचा सांधा गेला की आत धुके साचते आणि बिघाड लगेच दिसतो. निर्वात काचेत हवा शिरली तर धुके दिसेलच असे नाही, पण काच हाताला थंड लागते आणि आतल्या बाजूला पाणी धरू लागते. शेजारच्या दोन तावदानांना थंडीच्या सकाळी हात लावून पाहिले तरी फरक कळतो. उत्पादक सहसा दहा ते पंधरा वर्षांची हमी देतात. काच-काच सांध्याचे आयुष्य त्याहून बरेच अधिक असावे अशी अपेक्षा आहे, परंतु जुन्या लाकडी चौकटीचे आयुष्य शतकांत मोजले जाते हे विसरता येत नाही. म्हणून काच पुढे कधी तरी बदलावी लागेल हे धरूनच ती बसवावी, आणि चौकटीला इजा न होता ती काढता येईल अशीच पद्धत निवडावी.

चौकट जिथे वाकडी झालेली आहे तिथे काच जबरदस्तीने दाबून बसवू नये. दोन्ही तावदानांच्या तापमानातल्या फरकामुळे ही काच मुळातच थोडी ताणाखाली असते. त्यात कडेवर ओढाताण झाली तर तडा जाण्याचा धोका वाढतो.

‘खर्च भरून निघतो का?’

एकट्या गॅसच्या बिलातून पाहिले तर लवकर नाही, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवे. ब्रिटनच्या हिवाळ्याचा ढोबळ हिशेब मांडला, लाकडी चौकट आणि कडांची गळती जमेस धरली, तर एकेरी काचेच्या जागी निर्वात काच बसवल्याने एका चौरस मीटरमागे वर्षाला दोनशे युनिटच्या आसपास उष्णता वाचते. गॅस युनिटला सहा-सात पेन्स धरला तर ही बचत वर्षाला बारा-पंधरा पौंडांच्या घरात जाते. निर्वात काच साध्या दुहेरी काचेच्या कित्येक पट महाग असते, आणि बसवणाऱ्याची मजुरी वेगळी. फक्त बिलाकडे पाहणाऱ्याला ही गुंतवणूक वसूल व्हायला काही दशके लागतील.

तरीही ती वायफळ म्हणता येत नाही. खिडकी नवी करण्याचा खर्च वाचतो, लाकूड ओलीपासून वाचते, खोलीचा थंड कोपरा पुन्हा वापरता येतो. घरात हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता आत आणणारे यंत्र) बसवायचा विचार असेल तर गळती कमी झाल्यावर तो लहान क्षमतेचा घेता येतो आणि कमी तापमानाच्या पाण्यावर चालतो. पण छताखाली रोधक थर नसेल आणि चौकटीच्या फटींतून वारा वाहत असेल, तर महाग काचेवर पैसा आधी घालणे चुकीचे आहे. फटी बंद करण्याच्या पट्ट्या काचेच्या किमतीच्या तुलनेत अगदी नगण्य खर्चात बसतात.

‘घर गुदमरेल का?’

जुन्या घरांच्या भरीव विटांच्या किंवा दगडांच्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात, आणि फटींतून येणारा वारा नकळत ती ओल बाहेर नेत असतो. खिडकी घट्ट केली आणि हवा खेळती ठेवण्याची सोय केली नाही, तर पूर्वी काचेवर दिसणारे पाणी आता भिंतीच्या थंड कोपऱ्यात बुरशीच्या रूपाने दिसू लागते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात बाहेर हवा टाकणारे पंखे हवेतच. सॅश खिडकीची वरची चौकट थोडी खाली ओढून वरून हवा जाऊ देण्याची मूळ सोयही चालू स्थितीत ठेवावी. अनेक घरांत ती रंगाने कायमची बंद झालेली असते.

मुंबईच्या जुन्या इमारतींना तिचा उपयोग आहे का?

ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे हा प्रश्न इथेही विचारला जातो. पण कारण बदलले की उपायही बदलतो. मुंबईत वातानुकूलित खोलीत २५ आणि बाहेर ३३ अंश असतील तर फरक आठ अंशांचा. एकेरी काचेतून एका चौरस मीटरमागे सुमारे ४६ वॉट आत येतात. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारचे ऊन थेट पडले तर त्याच चौरस मीटरवर काहीशे वॉट पडतात, आणि निर्वात ते ऊन अडवत नाही. ते काम सावलीचे आहे. खोल व्हरांडे, छज्जे, तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा हे त्या इमारतींनी आधीच शोधलेले उत्तर आहे, आणि पैसा तिथल्या दुरुस्तीवर घालणे मला जास्त योग्य वाटते.

काच मागवण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये वारसा-सूचीत असलेल्या घराची खिडकी किंवा काच बदलण्यापूर्वी स्थानिक परिषदेच्या संवर्धन अधिकाऱ्याशी बोलणे टाळू नये. परवानगीशिवाय सूचीतील इमारतीचे स्वरूप बदलणे हा तिथे गुन्हा आहे. अर्ज करताना प्रत्येक खिडकीतली काच कोणत्या काळातली आहे याची नोंद आणि छायाचित्रे सोबत दिली, तर कोणती काच ठेवायची आणि कोणती बदलायची यावर नेमके बोलता येते.

निर्वात काच जागेवर कापता येत नाही. कापली की निर्वात संपले. प्रत्येक तावदान कारखान्यातूनच मापाने बनून येते. जुन्या चौकटी क्वचितच काटकोनात असतात, म्हणून खोबणीची लांबी-रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये, तसेच दोन्ही कर्ण, असे सगळे मोजून घ्यावे. खोबणीची खोलीही पुट्टी पूर्ण खरवडून मोजावी, वरवर दिसणाऱ्या कडेवरून नाही. उत्पादकाकडून काचेच्या मध्याचे आणि संपूर्ण खिडकीचे, अशी दोन्ही यू-मूल्ये मागावीत, सांध्याची रुंदी किती आहे ते विचारावे, आणि त्यांनी सांगितलेला पुट्टीचा किंवा चिकटद्रव्याचा प्रकार लेखी घ्यावा, कारण भलताच प्रकार वापरल्यास हमी जाऊ शकते. शक्य असेल तर आधी उत्तरेकडच्या एकाच खिडकीला ही काच बसवून एक हिवाळा जाऊ द्यावा. उरलेल्या खिडक्यांची मागणी त्यानंतर नोंदवावी.